स्वमत फळ्यावरून उतरवून घ्या

करंजेकरीण

मुलगी आठवीत आहे, साताऱ्यातल्याच एका बऱ्या नावाच्या मराठी शाळेत. परवा तिची मराठीची वही चाळत होते. पाठाखालच्या स्वाध्यायात 'स्वमत' म्हणून प्रश्न असतात, ते सगळ्यांना माहीत असतील. खाली सहा ओळींचं उत्तर, अक्षर सुबक, बाईंची बरोबरची खूण. म्हटलं, छान लिहिलंयस की! तर म्हणाली, "मी कुठं लिहिलंय, बाईंनी फळ्यावर दिलं." मग तिच्या दोन मैत्रिणींच्या वह्या मागून घेतल्या. तिघींचं स्वमत काना-मात्रेसकट एकच. एकीने 'मला असे वाटते'च्या जागी नुसतंच 'मला वाटते' लिहिलं होतं, तर तिथे लाल शाईने 'असे' घातलेलं.

बाईंवर राग काढायला हा धागा नाही. त्यांच्या वर्गात साठाच्या वर मुलं आहेत, परीक्षेत त्या प्रश्नाला गुण आहेत, तपासणाऱ्याला ठरलेले मुद्दे दिसावे लागतात आणि अर्धा गुण गेला तर शाळेच्या दारात जाऊन उभे राहणारे आपणच पालक. पण यात मुलांचं काय होतं बघा. आपल्याला एखाद्या गोष्टीबद्दल काहीतरी वाटतं, ते कच्चं असलं तरी मांडून बघायचं असतं, हे आठवीपर्यंत एकदाही घडत नाही. कल्पनाप्रधान निबंधाचंही तेच. 'सूर्य उगवला नाही तर' हा विषय आला की अख्ख्या वर्गाची कल्पना एकाच परिच्छेदातून उगवते.

आता कुणी म्हणेल की शाळेत उपक्रमांना तोटा नाही. खरंच नाही. मार्च २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार'चा शासन निर्णय आला. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना आहेत. विज्ञान प्रदर्शन असतं, टाकाऊतून टिकाऊ असतं. ते टाकाऊतून टिकाऊ रात्री अकरा वाजता कोण करत बसतं हे इथल्या प्रत्येक आईला माहीत आहे. तेही जमत नसेल तर स्टेशनरीच्या दुकानात तयार ज्वालामुखी मिळतो, नाव घालायची पट्टी मोकळी सोडलेली असते.

याच्या उलट दिवाळीतला किल्ला बघा. आमच्या गल्लीत नऊ ते तेरा वर्षांची पाच-सहा पोरं मिळून करायची. मोठ्यांचं काम एवढंच की विटा आणि गोणपाट द्यायचं आणि चिखलाचे पाय घेऊन घरात आलात तर याद राखा म्हणायचं. माती जास्त भिजली की बुरूज बसतो, कमी भिजली की तडकतो, हे त्यांचं त्यांना कळायचं. कारंज्याला सलाईनची नळी लावली की वरचा डबा किती उंच ठेवायचा यावर तासभर वाद. अळीव कधी पेरायचा म्हणजे नेमका धनत्रयोदशीला हिरवा होईल, हाही हिशेब. एका वर्षी महादरवाजावरून भांडण झालं. सगळ्यांना तो समोर, दिसेल असा हवा. एक जण हटून बसला की सहलीत पाहिलेल्या गडावर दरवाजा समोरून दिसतच नव्हता, दोन बुरुजांच्या वळणात दडवलेला होता, नाहीतर शत्रू सरळ आत नाही का येणार? शेवटी दरवाजा वळणात गेला आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारायला लागला, पोरांनो दरवाजा विसरलात काय? पोरं खूश.

मग कॉलनीच्या मंडळाने किल्ला स्पर्धा सुरू केली, रोख बक्षिसाची. आता किल्ले देखणे होतात. बाबालोक माप घेऊन करतात, पोरं मावळे मांडतात.

मला म्हणायचंय ते एवढंच की मुलांची कल्पकता आणखी एक उपक्रम वाढवून वाढणार नाही. जिथे उत्तर आधी कुणी ठरवलेलं नाही तिथे मुलं डोकं चालवतात. प्रश्न असा आहे की हे रोजच्या तासाला, मराठी-गणित-भूगोल शिकवताना, होऊ शकतं का? कुणी करतंय का? उपदेश नको, उदाहरणं द्या.

घाटमाथा

ताई, कळकळ पोचली. पण दहावीला नव्वदच्या खाली गेलं की हव्या त्या कॉलेजात अकरावीला नंबर लागत नाही, पुढे नीट, सीईटी. तिथे एक प्रश्न, चार पर्याय, एक बरोबर. चौथा पर्याय किती कल्पक होता ते कोण विचारतंय? वाईत माझ्या भाच्याला 'मुक्त' शाळेत घातला होता, सातवीत काढून स्कॉलरशिपच्या जादा तासांना बसवावा लागला. शाळेनं अभ्यास घ्यावा, किल्ले पोरं गल्लीत करतील.

अवांतर: पोरांनी गल्लीत काय करावं, गल्लीत आता चारचाक्या उभ्या असतात.

सज्जनगडची_वाट

'असे' घातलेलं वाचून हसावं की रडावं कळेना. आमच्याकडे 'माझी आई' निबंधात सगळ्यांची आई पहाटे पाचला उठून सडा घालते. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

माणदेशी_मास्तर

करंजेकरीण ताई, उदाहरण मागितलंय म्हणून लिहितो. लांबेल.

मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. २०१६ ला कोरेगाव तालुक्यातलं वेळू गाव पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिलं आलं आणि पुढच्या वर्षी ते वारं आमच्याकडं आलं. गावानं डोंगराला समतल चर खणायला घेतले. चर एका पातळीत नसेल तर पाणी एका टोकाला जाऊन साठतं आणि तिथून फुटतं. पातळी काढायला ए-फ्रेम वापरतात. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वरच्या टोकाला बांधायच्या, मधे एक आडवी पट्टी, वरच्या गाठीतून ओळंबा सोडायचा. दोरी पट्टीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. मग एक पाय तिथंच ठेवायचा, दुसरा फिरवून पुढची जागा शोधायची, असं करत डोंगरावर रेघ मारत जायचं.

आमची चौथी-पाचवीची पोरं बाप्या माणसांच्या मागं तिकडंच. शाळेत आल्यावर त्यांनी आपल्या ए-फ्रेम केल्या, निरगुडीच्या, बाभळीच्या, जी काठी घावली तिच्या. साहजिकच कुणाचीच काठी कुणाच्या लांबीची नाही. एकीची फ्रेम सपाट फरशीवरसुद्धा मधे येईना, दोरी आपली डावीकडंच. आता मला 'काठी कापून सारखी कर' म्हणता आलं असतं. तसंच म्हणणार होतो. पण तिनं विचारलं, गुरुजी, न कापता चालंल का? मला उत्तर माहीत नव्हतं. म्हटलं, बघा तुम्हीच.

तीन-चार दिवस मधल्या सुट्टीत तेच चालू. एक पोरगा आहे, वाचनात मागं, यादीत त्याच्या नावापुढं कायम लाल खूण. त्यानं काय केलं, फ्रेम उचलली आणि उलटी फिरवून ठेवली. डावा पाय होता तिथं उजवा, उजवा होता तिथं डावा. दोरी दुसऱ्या ठिकाणी आली. त्यानं पट्टीवर दोन्ही खुणा केल्या आणि बसला बघत. मग ती मुलगी म्हणाली, खरी जागा ह्या दोन्हींच्या मधी असणार. तिथं तिसरी खूण केली. फ्रेम जिथं ठेवू तिथं उलटी-सुलटी करून पाहिली. दोरी त्या तिसऱ्या खुणेवर आली की फिरवून ठेवली तरी तिथंच येते, म्हणजे जागा सपाट. काठ्या वाकड्या असल्या, खालची जमीन उंचसखल असली, तरी चालतं. पुढं मला कळलं की ए-फ्रेमची खूण अशीच तपासून घेतात, जुनी रीत आहे. पण पोरांना ती कुणी सांगितली नव्हती.

तेव्हा घाटमाथा दादा, हा 'अभ्यास'च होता. मध्यबिंदू, सममिती, मोजमाप, सगळं यात आलं. फरक इतकाच की मला उत्तर माहीत नव्हतं आणि पोरांना ते माहीत होतं की मला माहीत नाही.

आता दुसरी बाजू. त्या दिवसांत भागाकाराचा पाठ मागं पडला. साहेब आले, विचारलं की ही कुठली अध्ययन निष्पत्ती, क्रमांक सांगा. दोन शिक्षक, चार इयत्तांच्या वर वर्ग, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची यादी. रोज असं करता येत नाही. खोटं कशाला सांगू.

निबंधाचं निघालंय तर अजून एक. 'पाऊस पडला नाही तर' हा विषय आमच्याकडं कल्पनाप्रधान नाही, अनुभवकथन आहे. २०१९ च्या दुष्काळात जनावरांच्या चारा छावण्या होत्या तेव्हा एका पोरानं लिहिलं: "पाऊस पडला नाही तर आमची म्हस छावणीला जाती. आजा तिच्यासंगं तिथंच झोपतो. मग आज्याची खाट मला मिळती." तीनच ओळी. मी वाचून दाखवल्या तर बाकीच्यांनी पण आपापल्या घरचं लिहिलं. कुणाचा बाप गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, कामाला परमुलखात, तर पाऊस पडला नाही म्हणजे बाप दिवाळीला पण येत नाही. हे चाचणीला आलं असतं तर 'नद्या आटतील, झाडे वाळतील' हे मुद्दे नाहीत म्हणून गुण कापावे लागले असते. 'जाती'चं 'जाते' करायचं ते नंतर करून घेतलं, आधी लिहू दिलं.

करंजेकरीण

गुरुजी, दंडवत. आज्याची खाट डोक्यातून जाणार नाही.

शाहूपुरीचे_आप्पा

मास्तरांचं कौतुक आहे. पण त्यांनी जाता जाता सांगितलेली गोष्ट सगळे विसरतील: तो मुलगा वाचनात मागे होता. फ्रेम फिरवली म्हणून त्याला वाचता येणार नाही. २०२१ ला 'निपुण भारत' आणावं लागलं ते तिसरीपर्यंतच्या मुलांना धड वाचता आणि बेरीज-वजाबाकी करता यावी म्हणूनच ना? आधी पाया, मग कळस.

आणि सातारकरांना हे नव्याने शिकवायला नको. कर्मवीर भाऊराव अण्णांनी १९१९ ला काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. पोरं स्वतः रांधत, शेतात राबत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' त्यातून आलं. तिथे सृजनशीलतेचा तास कुठे होता? काम पुढ्यात पडलं की डोकं आपोआप चालतं. माझं मत विचाराल तर कल्पकतेची एवढी चर्चा पोटभर जेवलेल्या घरांतच होते.

रेघोटी

आप्पा, शेवटच्या वाक्यावर हरकत. छावणीतल्या म्हशीवर लिहिणारं पोर पोटभर जेवलेल्या घरातलं नव्हतं.

मी कऱ्हाडजवळच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांबद्दल थोडं आतलं सांगतो, कारण तिथे स्वमतापेक्षा गंमत आहे. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण, बी ला ५, सी ला ३. या गुणांमुळे चित्रकलेकडे पालक निदान बघायला लागले, हे मान्य. पण ज्याला गुण लागतात त्याचे क्लासही लागतात. स्मरणचित्राचा पेपर घ्या. विषय येतो भाजीबाजार, एसटी स्टँड, जत्रा. मुलाने पाहिलेलं आठवून काढावं ही अपेक्षा. प्रत्यक्षात सात-आठ मनुष्याकृती महिनाभर घोटून घेतलेल्या असतात: टोपली घेतलेली पाठमोरी बाई, पिशवीवाला काका, बोट धरलेलं मूल, टोपीवाला म्हातारा. विषय कुठलाही येवो, हीच मंडळी जागा बदलून उभी. बाजार असला तर टोपलीत मेथी, स्टँड असला तर त्याच टोपलीत गाठोडं. मी तपासायला बसलोय, सांगतो, एका केंद्रावरची चाळीस चित्रं बघितली की त्या बाईची ओळख होते, पुढच्या केंद्रावर ती भेटली नाही तर चुकल्यासारखं वाटतं.

क्लासवाल्यांना तरी काय बोलायचं, मीही शेवटच्या महिन्यात आकृत्या घोटून घेतो. घेतल्या नाहीत तर माझ्या शाळेचा निकाल खाली जातो. मात्र सहावीला ही परीक्षा नसते, तिथे मी मोकळा असतो. तिथे एकदा सांगितलं: घरातलं एक माणूस पाठीमागून काढा, चेहरा न दिसता ओळखू आलं पाहिजे. पोरं आधी गोंधळली. एकाने वडिलांचा मफलर काढला, साखर कारखान्याच्या रात्रपाळीला जाताना बांधतात तो. गाठ कुठल्या कानाकडे येते ते आठवेना, म्हणून चित्र अर्धं ठेवून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण केलं. बोटं, मान, प्रमाण, सगळं चुकलेलं. पण तो माणूस मला कारखान्याच्या गेटवर ओळखता आला असता.

जाता जाता: शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांना अर्धवेळ शिक्षक असावेत असं लिहिलंय. आपल्या मुलाच्या शाळेत आहेत का ते पालकसभेत विचारून बघा. बऱ्याच ठिकाणी चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना राहिलेला भाग संपवायला दिलेली जागा.

घाटमाथा

चित्रकलेचा तास गणिताला देतात यात वाईट काय हे मला अजून समजलेलं नाही. (पळतो आता.)

मिरजेची_मंजू

मी जरा उलट्या दिशेने येते. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीजवळ वाढले. आमच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून सगळे फोटो काढायला येतात, पण कारखान्यात नवीन आलेलं पोर काय करतं ते कुणी बघत नाही. ते भोपळा घासतं. लाकूड घासतं. पॉलिश पेपर संपेपर्यंत घासतं. मग कधीतरी तार चढवायला मिळते. जवारी काढणं तर फार पुढची गोष्ट. घोडीचा माथा कानसून असा आणायचा की तार त्याला नेमकी चाटून जावी, तेव्हा तो झंकार येतो. एक हात जास्त फिरला की गेलं. त्या पोराला 'तुझ्या मनाने काढ' असं कुणी म्हणत नाही.

गाण्यातही तेच. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेला बाळकृष्णबुवांच्या हाताखाली तयार झाले, मग १९०१ मध्ये लाहोरला संगीत विद्यालय काढलं. तयार होणं म्हणजे काय, तर घोटणं. आधी गळ्यात सूर, मग कल्पना. आजकाल सहा महिने पेटी वाजवलेल्या मुलाचे पालक विचारतात, स्वतःची चाल कधी लावेल? मला वाटतं घोकंपट्टीला शिव्या देताना आपण घोटण्यालाही शिव्या द्यायला लागलोय.

माणदेशी_मास्तर

मंजूताई, पटलं. फक्त एक विचारतो. त्या पोरानं जवारी बरोबर काढली की नाही हे कोण ठरवतं?

मिरजेची_मंजू

तार. आणि उस्तादांचा कान. आणि काही वर्षांनी त्याचा स्वतःचा.

माणदेशी_मास्तर

मग झालं की. घासायला आमची ना नाही. आमच्या पोरांनी बी पंधरावेळा फ्रेम उलटी-सुलटी केली, ते घासणंच. फळ्यावरचं स्वमत उतरवताना चूक-बरोबर कळायला वहीत काहीच नसतं, लाल शाई सोडून.

निंबळकची_लेक

फलटणहून. आप्पांच्या 'आधी पाया मग कळस'बद्दल. आमच्या गावात मॅक्सीन बर्नसन यांनी प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभं केलं. मूळच्या अमेरिकन, भाषाशास्त्राच्या अभ्यासक, फलटणला आल्या आणि इथल्याच झाल्या. त्यांच्या वाचन शिकवण्यातला एक साधा भाग असा: मुळाक्षरं अनुक्रमाने सगळी घोकून झाल्यावर शब्द, असं न करता थोड्या अक्षरांचा एक गट घ्यायचा आणि तेवढ्यातूनच लगेच शब्द आणि वाक्यं करायची. म्हणजे चार-सहा अक्षरं आलेलं मूलही स्वतःचं काहीतरी लिहू शकतं. वाचायला शिकणं आणि आपलं म्हणणं मांडणं एकाच आठवड्यात सुरू होतं, आप्पा. पायाच तसा घातला तर कळसासाठी थांबावं लागत नाही. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, त्यांचंही म्हणणं या वाटेनेच जाणारं.

आता किल्ला स्पर्धेबद्दल, कारण माझा विषय मानसशास्त्र. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी अमेरिकेत बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग केला. ज्यांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं अशीच मुलं घेतली. एका गटाला आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काहीच न सांगता नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात तेच पेन पुन्हा मोकळे ठेवले, कुणी कुणाला काही म्हणायचं नाही. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ पेनांकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. तेव्हा कॉलनीच्या मंडळाला सांगा, बक्षीस द्यायचंच तर आधी जाहीर करू नका. गुपचूप जा, किल्ला बघा, पोरांना चिवडा-लाडू द्या.

घाटमाथा

प्रयोग रोचक आहे. पण बालवाडीतली गोष्ट दहावीला लावता येत नाही.

आणि या सगळ्यावर एक जुनी जखम उघडतो. सातारा जिल्ह्यालाच सांगा ना, ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायचं, इथेच झाला होता. कुमठे बीट, म्हणजे कुमठ्याच्या आसपासच्या शाळांचा गट! राज्यभरातून बसगाड्या भरून शिक्षक बघायला यायचे. पुढे काय झालं? फरशा रंगल्या.

माणदेशी_मास्तर

दादा, हे मात्र बरोबर टोचलंत. त्या बसमध्ये मी पण होतो.

कुमठ्यात प्रतिभा भराडे मॅडमच्या पुढाकारानं जे झालं ते खरं होतं. पोरं जमिनीवर गटानं बसलेली, खडे, काड्या, बिया घेऊन स्वतः मोजतायत, एकमेकाला समजावून सांगतायत, शिक्षक फिरतोय. फरशीवर आखलेल्या आकृत्या ह्या त्यासाठीची सोय होती. पुढं जून २०१५ ला राज्यभरच्या शाळांसाठी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला आणि सगळ्यांना घाई झाली. आता बघून आलेल्या माणसाला परत आपल्या शाळेत काय नेता येतं? बाईंचा संयम नेता येत नाही, फरशी नेता येते. लोकवर्गणीतून पेंटर बोलावला, दोन दिवसात शाळा ज्ञानरचनावादी. तपासणीला आले की फोटो फरशीचा. आमच्या केंद्रात एका शाळेत तर रंग खराब होतो म्हणून पोरांना त्यावर बसू देत नव्हते.

तरीपण वाया गेलं असं नाही म्हणणार. माझ्यासारखी चार माणसं तिथून बदलून आली. पोरं बोलत असताना गप्प बसायचं, हे मी तिथं शिकलो, आणि ते अजून जड जातं.

शाहूपुरीचे_आप्पा

रंग खराब होतो म्हणून बसू देत नव्हते! धन्य आहे. निंबळकची लेक, फलटणचं मला ऐकून माहीत होतं, अक्षरगटाचं नव्हतं. नातू पहिलीत आहे, त्याच्यावर करून बघतो.

औंधची_पायवाट

सहलीचं कुणी बोललं नाही म्हणून. आमच्या औंधला मूळपीठाच्या डोंगरावर भवानी संग्रहालय आहे, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ ला उभं केलेलं. राजा स्वतः चित्रकार. राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे, आणि हे सगळं एका खेड्यात. हिवाळ्यात शाळांच्या गाड्या लागतात. मुलं रांगेत आत येतात, हातात वही, खालच्या पाट्यांवरची नावं उतरवतात कारण सहलीचा अहवाल लिहायचाय. मान वर करायला वेळ नसतो. अर्ध्या तासात बाहेर, मग यमाईचं दर्शन, मग भेळ.

एकदा मात्र एक बाई आल्या, बहुतेक कोरेगावकडच्या. वह्या गाडीतच ठेवायला लावल्या. म्हणाल्या, सगळं बघायचं नाही, फिरा, एक चित्र निवडा आणि त्याच्यापुढे बसा. बाहेर आल्यावर ते न पाहिलेल्याला सांगायचं. दोन मुली एका चित्रातल्या साडीचा काठ जर आहे की नुसता पिवळा रंग, यावर वाद घालत होत्या. लांबून जर दिसते, जवळ गेलं की पिवळे-तपकिरी फटकारे. पुढे-मागे, पुढे-मागे करत होत्या, शेवटी रखवालदार ओरडला.

रेघोटी

औंधकर, त्या दोघींना माझ्या वर्गात पाठवा. हे मी तासभर बोलूनही मुलांच्या गळी उतरत नाही. या वर्षी आमची सहल औंधलाच नेतो, वह्या गाडीत ठेवून.

करंजेकरीण

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पुढच्या शनिवारी पालकसभा आहे. सगळं एकदम मागितलं तर काहीच होणार नाही, म्हणून दोनच गोष्टी मागणार आहे. एक, प्रत्येक पाठातला निदान एक स्वमताचा प्रश्न फळ्यावर द्यायचा नाही आणि त्याला वहीत गुण द्यायचे नाहीत, बाईंनी वाचून खाली फक्त एक प्रश्न लिहायचा. साठ वह्या म्हणजे वेळ जाणार, तर आठवड्याला दहा-बारा वह्याच बघाव्यात, मला चालेल. दोन, रेघोटी सरांनी सांगितलेल्या अर्धवेळ शिक्षकांची चौकशी. पहिल्या मागणीला मुख्याध्यापकांपेक्षा पालकच जास्त विरोध करतील असा माझा अंदाज आहे. 'मग परीक्षेत काय लिहायचं?' हा प्रश्न येणारच. घाटमाथा, तुम्ही असता तर तुम्हीच विचारला असता.

मंडळाकडेही जाते आहे. स्पर्धा बंद होणार नाही, पण मोठ्यांनी हात लावायचा नाही एवढी अट घालतात का बघते.

मास्तर, या दिवाळीत गल्लीतल्या पोरांना ए-फ्रेम करायला द्यायची आहे, किल्ल्याचा तट एका पातळीत येतो का बघायला. काठ्या किती लांबीच्या घेऊ?

माणदेशी_मास्तर

सारख्या लांबीच्या मुद्दाम घेऊ नका ताई, मजा जाईल. आम्ही पोरांना पेलतील अशा चार-साडेचार फुटी घेतल्या होत्या, किल्ल्याला हात-दीड हाताच्या पुरतील. आडवी पट्टी फार खाली बांधू नका, दगडाला अडते. ओळंब्याला खडा बांधला तर वाऱ्यानं हेलकावत राहतो, घरातला जुना जड नट बांधा. गाठी सुतळीनं करकचून, सैल झाली की खूण सरकते आणि मग पोरं एकमेकाला खोटं पाडत बसतात.

घाटमाथा

मास्तर, हे घरातल्या फरशीवर चालेल का? पोरगा मागे लागलाय, त्याला मघाशी वाचून दाखवलं.

माणदेशी_मास्तर

पळतंय दादा. बिल्डरनं पातळी बरोबर काढली का नाही ते पण कळंल. पोराला आधी उत्तर सांगू नका म्हणजे झालं.

घाटमाथा

मला कुठं माहीत आहे.